पाऊस, धुके आणि वेगाचा आकडा

कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी १०० किमी वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आडवे आल्याचे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ४२ मीटर मागे पडलेले असतात आणि वेग मात्र तसूभरही उतरलेला नसतो. पुढचे अंतर चाक आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर ठरते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर गाडी आणखी ५६ मीटरांत थांबते. रस्ता ओला होऊन तो ०.४ वर आला तर ९८ मीटर लागतात. बर्फाचा पातळ, काचेसारखा थर असेल आणि गुणांक ०.१ असेल तर हेच अंतर ३९० मीटरांच्या पुढे जाते. गाडी तीच, चालक तोच, ब्रेकही तेच. बदलते ती फक्त हवा.

या हिशेबातली खरी मेख वेगाच्या वर्गात आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, आणि म्हणूनच वाईट हवेत वेग ‘जरासा’ कमी करून बहुधा भागत नाही. ताशी १३० किमी वेगाची मोटार कोरड्यात ब्रेक लागल्यावर साधारण ९५ मीटरांत थांबते. पावसात ती ११० ने चालवली तरी ११९ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावरही ९५ मीटरांतच थांबायचे असेल तर वेग ९८ च्या आसपास आणावा लागतो. १३० आणि ११० हे आकडे येथे उगाच घेतलेले नाहीत. फ्रान्स आणि इटलीच्या कायद्यांनी कोरड्या आणि पावसाळी हवेसाठी नेमके हेच दोन ठरवले आहेत.

चालकाला विचार करायला किती वेळ द्यायचा, यावरही देशोदेशी मतभेद आहेत. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये ताशी ७० मैलांना, म्हणजे ११२ किमीला, थांबण्याचे एकूण अंतर ९६ मीटर दिलेले आहे. त्यात विचाराचा वाटा फक्त २१ मीटर, म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश भाग. ओल्या रस्त्यावर हे अंतर किमान दुप्पट आणि बर्फावर दहापटीपर्यंत धरावे, असे तेच पुस्तक सांगते. भारतीय रोड काँग्रेसचे संकेत रस्ता आखताना अडीच सेकंद धरतात आणि ताशी १०० किमीसाठी १८० मीटर मोकळी दृष्टी मागतात. दिवसभर गाडी हाकून थकलेल्या माणसाचा विचार केला तर भारतीय आकडाच वास्तवाच्या जवळचा आहे.

पाऊस नुसते घर्षण कमी करत नाही. एका टप्प्यानंतर तो चाक रस्त्यापासून उचलून धरतो. टायरच्या नक्षीतल्या खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाजूला फेकणे हे असते. पाण्याचा थर जाड असेल, खाचा झिजलेल्या असतील किंवा वेग जास्त असेल, तर पाणी बाजूला जायला वेळच मिळत नाही. पुढच्या चाकाखाली पाण्याची पाचर बसते आणि गाडी अक्षरशः तरंगू लागते. स्टिअरिंग एकदम हलके पडते, ब्रेकचा उपयोग उरत नाही. नासाचे वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये धावपट्टीवरच्या विमानांसाठी या वेगाचे एक सूत्र मांडले. त्यात वाहनाचे वजन नाही, आहे ती टायरमधली हवा: हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढून १०.३५ ने गुणले की वेग ताशी मैलांत मिळतो. मोटारीच्या टायरमध्ये ३२ पाउंड हवा असेल तर उत्तर येते ताशी ९४ किमी. हवा २४ पाउंडांवर उतरली असेल तर ८२. हे सूत्र गुळगुळीत टायर आणि पूर्ण भरलेला पाण्याचा थर गृहीत धरते, त्यामुळे चांगल्या नक्षीचा टायर बराच वेळ तग धरतो. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. भारतात आणि युरोपात कायद्याने चालणारी किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. म्हणजे कायदेशीर टायर आणि पावसात भरवशाचा टायर यांत मोठी दरी असू शकते, आणि वेगाच्या फलकाला ती दिसत नाही.

लांब कोरड्या हंगामानंतरचा पहिला पाऊस विशेष घातक असतो. महिनोन्महिने रस्त्यावर साचलेले तेल, रबराचे कण आणि धूळ पहिल्या सरीत मिसळते आणि वाहून जाण्यापूर्वी रस्त्यावर बुळबुळीत साय धरते. मृगाची पहिली सर आली की दुचाक्या का घसरतात, हे महाराष्ट्रात वेगळे सांगावे लागत नाही. द्रुतगती मार्गावर तीच साय मोटारींच्या वाट्याला येते, फक्त वेग तिप्पट असतो.

धुक्याची गोष्ट वेगळी. धुक्यात पकड बहुतेक शाबूत असते. जाते ती नजर. शिवाय नजर गेल्यावर वेगाची जाणीव टिकते की नाही, यावरच संशोधकांत वाद आहे. कार्डिफ येथील स्नोडन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की दृश्य फिकट झाले की वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो आणि चालक नकळत जोरात जातो. हा निष्कर्ष पुढे अनेक वर्षे सर्वत्र सांगितला गेला. २०१२ मध्ये ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतील पाओलो प्रेत्तो आणि सहकाऱ्यांनी त्यातली एक त्रुटी पकडली. आधीच्या प्रयोगात सगळे दृश्य सारखेच फिके केलेले होते. खऱ्या धुक्यात जवळचे स्पष्ट आणि लांबचे अस्पष्ट दिसते. तसे धुके उभे केल्यावर लोकांना वेग जास्त वाटला आणि ते हळू झाले. मग धुक्यात गाड्या एकमेकींवर का आदळतात? हळू होणे आणि पुरेसे हळू होणे यांत फरक आहे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे असे की पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ नयेत म्हणून चालक तिला चिकटून राहतो. दिव्यांचा तो आधार दिलासा देतो, पण मधले अंतर खाऊन टाकतो.

एवढे सगळे ठाऊक असताना कायद्याने चालकाला नेमके काय सांगावे? १९६८ च्या व्हिएन्ना करारातल्या १३ व्या कलमाने तत्त्व घालून दिले आहे. चालकाने रस्ता, वाहन, भार, हवामान आणि वर्दळ यांचा विचार करून वेग ठेवावा आणि समोर जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. हे तत्त्व कोणी नाकारत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: हवा वाईट झाली हे ठरवायचे कोणी? कायद्याच्या मजकुराने, चालकाने, दिनदर्शिकेने, की रस्त्याकडेला उभ्या केलेल्या यंत्राने?

फ्रान्सने ते मजकुरावर सोपवले. ऑटोरूटवर कोरड्या हवेत १३०, पाऊस किंवा इतर वर्षाव होत असताना ११०. मधे दुभाजक असलेल्या इतर रस्त्यांवर ११० चे १००. दृश्यमानता ५० मीटरांच्या खाली गेली की ऑटोरूटसह सगळीकडे ५०. इटलीतही ऑटोस्ट्राडावर १३० चे ११० होतात आणि त्याखालच्या मुख्य महामार्गांवर ११० चे ९०. या पद्धतीचे मोठे बळ असे की फलक लागत नाही. वायपर सुरू झाला की मर्यादा बदलली, हे परीक्षा देणाऱ्या प्रत्येक नवख्याला पाठ असते. उणीवही तिथेच आहे. दोन्ही देशांचा नियम पडणाऱ्या पाण्याशी बांधलेला आहे, रस्त्यावरच्या पाण्याशी नाही. सर थांबून ऊन पडले आणि डांबरावर पाणी चकाकत असले तरी शब्दशः मर्यादा पुन्हा १३० होते. उलट बाजूने, नुसत्या भुरभुरीतही ११० लागू होतात आणि लोक मग नियमच हलका घेऊ लागतात.

जर्मनीने नेमके दुसरे टोक धरले. तिथे पावसासाठी देशभर लागू असा आकडा नाही. ऑटोबानच्या मोठ्या भागावर कोरड्या हवेतही सक्तीची मर्यादा नाही, १३० हा फक्त सल्ल्याचा वेग आहे. पण जिथे पाणी साचते, वळण फसवे आहे किंवा रस्त्याचा पृष्ठभाग जुना झाला आहे, तिथे वेगाच्या फलकाखाली ‘ओलावा असताना’ अशी पाटी लावलेली असते. ओलावा म्हणजे काय, हे न्यायालयांनी ठरवून दिले आहे: संपूर्ण रस्त्यावर पाण्याचा पातळ थर हवा, नुसता दमटपणा चालणार नाही. येथे पाऊस पडतो आहे की थांबला आहे याला महत्त्व नाही, महत्त्व रस्त्याला आहे. पकड कशामुळे जाते याचा विचार केला तर जर्मन व्याख्या फ्रेंच व्याख्येपेक्षा सरस आहे.

दृश्यमानतेबाबत मात्र जर्मन कायदा पक्का आकडा देतो: धुके, बर्फ किंवा पाऊस यांमुळे ५० मीटरांपलीकडचे दिसेनासे झाले की ताशी ५० किमी, जास्त नाही. हा आकडा भौतिकशास्त्रालाही पटतो. ताशी ५० ने जाणारी गाडी ओल्या रस्त्यावर, दीड सेकंदाच्या प्रतिक्रियेसह, साधारण ४५ मीटरांत थांबते. आणि ५० मीटर मोजायचे कसे, याची सोयही रस्त्यातच आहे. जर्मन महामार्गांच्या कडेचे पांढरे-काळे मार्गदर्शक खांब सरळ रस्त्यावर ५० मीटर अंतराने रोवलेले असतात. पुढचा खांब दिसेनासा झाला की मर्यादा ५०. मागचा लाल फॉग लॅम्पही तेव्हाच लावायची मुभा आहे. फ्रान्समध्ये ऑटोरूटच्या कडेच्या तुटक पट्ट्यांची प्रत्येक रेघ ३९ मीटर लांब आणि मधली फट १३ मीटरांची असते. पुढच्या गाडीपासून निदान दोन रेघांचे अंतर राखा, असे तिथले फलक सांगतात. एक रेघ आणि एक फट मिळून ५२ मीटर होतात, म्हणजे धुक्यातही ती मोजपट्टी कामी येते. चालकाला डोळ्यांनी तपासता येईल असा आकडा देणे, ही या विषयातली सर्वांत उपयोगी कल्पना आहे आणि तिला खर्चही फारसा नाही.

पूर्व आशियात कायदे आणखी पायऱ्या पाडतात. चीनमध्ये २००४ पासून लागू असलेल्या नियमावलीनुसार द्रुतगती मार्गावर दृश्यमानता २०० मीटरांखाली आली की वेग ६० च्या वर नको आणि पुढच्या गाडीपासून १०० मीटर अंतर हवे. १०० मीटरांखाली ४० आणि ५० मीटर अंतर. ५० मीटरांखाली फक्त २०, आणि जवळच्या निर्गमनातून लवकरात लवकर रस्ता सोडायचा. वेगाबरोबर अंतराचाही आकडा देणारे कायदे विरळा. धुक्यातल्या साखळी अपघातांचे मूळ पाहता तो द्यायलाच हवा. दक्षिण कोरियाने आकड्यांऐवजी टक्के निवडले. रस्ता ओला असेल किंवा २० मिलिमीटरपर्यंत बर्फ साचला असेल तर मूळ मर्यादेतून २० टक्के वजा. मुसळधार पाऊस, हिमवर्षाव किंवा धुक्यामुळे १०० मीटरांच्या आतलेच दिसत असेल, रस्ता गोठला असेल किंवा त्याहून जास्त बर्फ असेल तर ५० टक्के वजा. एकच नियम प्रत्येक रस्त्याला लागू पडतो, ही त्याची खुबी. तरीही ११ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी इंचिऑनजवळच्या यंगजोंग सागरी पुलावर दाट धुक्यात शंभराहून अधिक वाहने एकमेकींवर आदळली आणि दोघांचा जीव गेला. नियम कागदावर होता; रस्त्यावर तो सांगणारे कोणी नव्हते.

उत्तर युरोपातल्या काही देशांनी निर्णय ऋतूवर टाकला आहे. फिनलंडमध्ये हिवाळ्यात बहुतेक मोटरवेंवरची मर्यादा १२० वरून १०० होते, इतर अनेक रस्त्यांवर १०० ची ८०. लिथुएनियात नोव्हेंबर ते मार्च मोटरवेवर ११०, एरवी १३०. वादाला जागा उरत नाही, ही या पद्धतीची सोय. जानेवारीतल्या स्वच्छ, कोरड्या दुपारीही हळू जावे लागते, ही किंमत. भारतात असा सर्वांत ठळक प्रयोग उत्तर प्रदेशातल्या १६५ किमी लांबीच्या यमुना एक्स्प्रेसवेवर दिसतो. दरवर्षी १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात तिथे हलक्या वाहनांची मर्यादा १०० वरून ८० किंवा ७५ आणि जड वाहनांची ६० अशी खाली आणली जाते. पण गंगा-यमुनेच्या मैदानातले धुके तारखा पाळत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये धूर आणि धुक्याच्या मिश्रणात याच रस्त्यावर गाड्यांची मोठी साखळी आदळली, तेव्हा डिसेंबर उजाडायला तीन आठवडे बाकी होते. शिवाय ५० मीटरसुद्धा दिसत नसताना ७५ ही कमी केलेली मर्यादा नव्हे, ती चुकीची मर्यादा आहे.

यंत्राकडे वळण्यामागे बहुतेक ठिकाणी एखादा भीषण अपघात आहे. ६ नोव्हेंबर १९९० रोजी नेदरलँड्समध्ये ब्रेडाजवळ ए-१६ मोटरवेवर धुक्यात साखळी अपघात होऊन ८ जण गेले. महिनाभरातच, ११ डिसेंबर १९९० रोजी, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात कॅलहूनजवळ, हायवासी नदीच्या खोऱ्यात, आय-७५ महामार्गावर ९९ वाहने धुक्यात आदळली. १२ मृत्यू, ४२ जखमी. दोन्ही ठिकाणी धुके मोजणारी यंत्रे बसली. टेनेसीतल्या यंत्रणेने धुक्याच्या दाटीनुसार मर्यादा ताशी ५० मैल, मग ३५ मैल अशी उतरवायची आणि त्याहून वाईट झाले तर चढमार्गांवरची फाटके बंद करून रस्ताच थांबवायचा, अशी रचना केली.

ए-१६ वर दृश्यमानता १४० मीटरांखाली आली की रस्त्यावरच्या दिव्यांच्या फलकांवर ८० झळकत, ७० मीटरांखाली ६०. १९९७ मध्ये या यंत्रणेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धुक्यात चालक आपणहून हळू होतातच, त्याउपर फलकांमुळे सरासरी वेग आणखी ८ ते १० किमीने उतरला. पण धुके अतिशय दाट, ३५ मीटरांहून कमी, असताना फलकाचा परिणाम उलटा झाला. सरकारी फलकावर ६० दिसत असल्यामुळे लोक स्वतःच्या अंदाजाने गेले असते त्याहून जोरात गेले. हवामानानुसार मर्यादा ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष जवळ बाळगावा. मर्यादा ही कमाल असते, पण संकटात सापडलेला माणूस तिला शिफारस म्हणून वाचतो. त्यामुळे शिडीची सर्वांत खालची पायरी पुरेशी खाली नसेल तर फलक नसलेला बरा.

फिनलंडमध्ये पीर्को रेमे यांनी हिवाळी महामार्गांवर याच प्रकारचे मोजमाप केले. वाईट हवेमुळे लोकांचा वेग आपोआप सरासरी ६.३ किमीने उतरत होता. फलकावर १०० चे ८० केल्यावर त्यात आणखी ३.४ किमीची भर पडली. मर्यादा २० ने उतरली आणि वेग साडेतीनने, हे वाचून अनेकांची निराशा होईल. ती अनाठायी आहे. स्वीडनच्या योरान निल्सन यांच्या घातांक-नियमानुसार जीवघेण्या अपघातांची संख्या सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलते. सरासरी ९० धरली तर साडेतीन किमीची घट म्हणजे सुमारे ४ टक्के वेग, आणि त्या हिशेबाने जीवघेणे अपघात १५ टक्क्यांच्या आसपास कमी. एका फलकाच्या दिव्यांतून मिळणारा हा लाभ मोठा आहे.

वाळवंटी अबू धाबीतही पहाटेचे धुके दाट पडते. मार्च २००८ मध्ये दुबई-अबू धाबी महामार्गावर घंतूतजवळ सुमारे २०० गाड्या आदळल्या होत्या. आता दृश्यमानता २०० मीटरांखाली गेली की अबू धाबी अमिरातीत इलेक्ट्रॉनिक फलकांवर ८० झळकतात आणि जड वाहने थांबवली जातात. जपानमध्ये द्रुतगती मार्गांवर पाऊस, वारा, बर्फ किंवा धुके असताना बदलत्या फलकांवर ८० किंवा ५० येतात आणि तीच त्या वेळची कायदेशीर मर्यादा असते.

इंग्रजी परंपरेतले देश निर्णय चालकावर ठेवणे पसंत करतात. ब्रिटनमध्ये पावसासाठी वेगळी कायदेशीर मर्यादा आजही नाही. विशेष म्हणजे त्या देशाच्या मोटरवेंना मुळात मर्यादा मिळाली ती धुक्यामुळे. १९६५ च्या शरद ऋतूत धुक्यात लागोपाठ साखळी अपघात झाले आणि परिवहन मंत्री टॉम फ्रेझर यांनी २२ डिसेंबर १९६५ पासून ताशी ७० मैलांची मर्यादा प्रयोग म्हणून आणली. १९६७ मध्ये बार्बरा कासल यांनी ती कायम केली. म्हणजे वाईट हवेसाठी आलेली मर्यादा चांगल्या हवेची झाली आणि वाईट हवा पुन्हा चालकाच्या विवेकावर गेली. आता काही मोटरवेंवर लाल वर्तुळातले बदलते आकडे असतात आणि ते बंधनकारक आहेत. पण ते सगळीकडे नाहीत. ४ नोव्हेंबर २०११ रोजी टॉन्टनजवळ एम-५ वर अंधार, ओला रस्ता आणि अचानक दृष्टी हरपणे हे सगळे एकदम घडले. ३४ वाहने गुंतली, ७ जणांचा मृत्यू झाला.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत एक ‘मूलभूत नियम’ आहे: परिस्थिती पाहता वाजवी आणि शहाणपणाचा नसेल असा वेग, फलकापेक्षा कमी असला तरी, बेकायदा. निसरड्या रस्त्यावर मर्यादेच्या आत राहून घसरलेल्या चालकालाही दंड होऊ शकतो. तत्त्व म्हणून हे अगदी योग्य आहे. पण निव्वळ तत्त्वावर भागत नाही, हे मोंटाना राज्याने दाखवले. डिसेंबर १९९५ नंतर तिथे दिवसा मोटारींना आकडाच नव्हता, फक्त ‘वाजवी आणि शहाणपणाचा’ वेग. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद संदिग्ध म्हणून रद्द केली. आपण गुन्हा करतो आहोत की नाही हे चालकाला आधी कळले पाहिजे, असा त्यामागचा मुद्दा होता. १९९९ मध्ये आकडा परत आला. अमेरिकेत २००७ ते २०१६ या दशकात अपघातांपैकी सुमारे २१ टक्के वाईट हवेत किंवा ओल्या-गोठलेल्या रस्त्यावर झाले. त्यांत बहुसंख्य ओल्या रस्त्यावरचे होते. बर्फ आणि धुके बातम्यांत येतात, माणसे मारतो तो मुख्यतः साधा पाऊस.

भारतासाठी हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. येथे २०१७ ची वाहनचालन नियमावली हवामान आणि दृश्यमानता पाहून वेग ठेवायला सांगते, पण पावसाचा आकडा कुठेच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची मर्यादा आहे आणि खंडाळ्याच्या घाटात त्याहून बरीच कमी. ती घाटामुळे कमी आहे, पावसामुळे नाही. जुलैतल्या धुवाधार पावसात, वर ढग उतरलेले असताना आणि मे महिन्याच्या कोरड्या दुपारी, खालापूरजवळच्या फलकावरचा आकडा एकच असतो. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादाही बारमाही आहे. चार महिने पाऊस हीच जिथली नेहमीची हवा, तिथे कोरड्या रस्त्यासाठी ठरवलेला आकडा वर्षभर चालवणे समर्थनीय नाही. ताशी १२० वरून ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला तर १४० मीटरांहून जास्त लागतात आणि तेही टायर तरंगले नाहीत तर.

कायद्याची अडचण मात्र नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११२ वे कलम राज्य सरकारला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार देते. बंधन महिनाभराहून जास्त नसेल तर त्यासाठी राजपत्रातल्या अधिसूचनेचीही गरज नाही, योग्य फलक पुरतात. पावसाची पातळी पाहून बदलणारा फलक या तरतुदीत सहज बसतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि सरकारी अहवालाने त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकले. त्या खात्यात ‘अतिवेग’ म्हणजे फलकापेक्षा जास्त की परिस्थितीपेक्षा जास्त, हे वेगळे मोजले जात नाही, आणि ते मोजल्याशिवाय पावसाचा आकडा ठरवणारा हातात पुरेसा पुरावा घेऊन बसू शकत नाही.

आणखी एक भारतीय सवय वेगाशी थेट जोडलेली आहे. पाऊस जोरात आला की चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाड्या चालतात. त्यामुळे लेन बदलणाऱ्याचा इशारा कळत नाही आणि थांबलेली गाडी कोणती, चालती कोणती, हेही कळत नाही. ब्रिटनचा हायवे कोड चालत्या गाडीत हे दिवे लावायला मनाई करतो. अपवाद एकच: मोटरवेसारख्या वेगवान रस्त्यावर पुढे अडथळा आहे हे मागच्यांना सांगण्यापुरते. पावसात समोरचे दिवे, धुक्यात फॉग लॅम्प आणि इंडिकेटर फक्त वळण्यासाठी, एवढे पाळले तरी मागच्या चालकाला वेगाचा अंदाज येतो.

रस्त्याकडूनही काही करता येते. नेदरलँड्सच्या बहुतांश मोटरवेंवर सच्छिद्र डांबर आहे; पाणी वर साचण्याऐवजी आत मुरते, ट्रकच्या चाकांमागून उडणारा पाण्याचा फवारा खूप कमी होतो आणि समोरचे दिसते. वाहनातही बदल येत आहेत. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिच्यापुढची खरी कसोटी ‘ओलावा असताना’ यासारख्या पाट्यांची आहे: आकडा कॅमेरा वाचतो, पण रस्ता ओला आहे की नाही हे त्याला वायपरवरून अंदाजानेच ठरवावे लागते. फ्रेंच आणि जर्मन व्याख्यांतला फरक अशा रीतीने थेट गाडीच्या संगणकात जाऊन पोचला आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या तळाशी शून्य आहे. चीनचा चालक ५० मीटरांखाली रस्ता सोडतो. जर्मनीत अशा वेळी, तसेच बर्फाने रस्ता गुळगुळीत झाला असता, धोकादायक माल नेणाऱ्या ट्रकला गरज पडल्यास जवळच्या योग्य थांब्यावर उभे राहावे लागते. जपानमध्ये पावसाची बेरीज ठरलेल्या आकड्यापलीकडे गेली की दरड कोसळण्याच्या भीतीने द्रुतगती मार्ग पूर्ण बंद होतो. ती भीती सह्याद्रीलाही आहे. १९ जुलै २०१५ रोजी आडोशी बोगद्याजवळ मुंबई-पुणे मार्गावर दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला आणि तेव्हापासून पावसाळ्यात सैल दगड काढण्यासाठी तिथली वाहतूक थोडा-थोडा वेळ रोखली जाते. पण थांबायला जागा लागते. धुक्यात कडेच्या पट्टीवर, विशेषतः दिवे न लावता, उभा राहिलेला ट्रक चालत्या ट्रकहून घातक असतो. जपानच्या द्रुतगती मार्गांवर साधारण १५ किमीला लहान आणि ५० किमीला मोठे विश्रांतिस्थळ असावे, अशी आखणी आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीला खुला झाला, तेव्हा वाटेत अशी पुरेशी विश्रांतिस्थळे उभी राहिलेली नव्हती.